गोधडीचा कोपरा

गेल्या वर्षी ७ फेब्रुवारीला माता रमाईंच्या जयंतीनिमित्त आमच्या वस्तीतल्या विहारात महिला मंडळाचा कार्यक्रम झाला. मला चार शब्द बोलायला सांगितले होते. कार्यकर्त्याच्या हातात माईक आला की चाराचे चारशे होतात, तसेच झाले. शिक्षण, व्यसनमुक्ती, बचत असे विषय घेत घेत मी घराच्या टापटिपीवर आलो आणि आवाज चढवून म्हणालो, “भगिनींनो, बाबासाहेबांनी आपल्याला चिंध्यांतून बाहेर काढले. आता तरी घरातल्या त्या जुन्या गोधड्या आणि वाकळा फेकून द्या. बाजारात चांगली ब्लँकेटे मिळतात. चिंध्यांचे दिवस संपले!” टाळ्या पडल्या. मला बरे वाटले.

तिसऱ्या रांगेत बसलेल्या एका मावशींनी मात्र टाळी वाजवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघालो तर त्या नळावर उभ्या. मला थांबवून म्हणाल्या, “भाऊ, रविवारी घरी ये. च्या पिऊन जा. आन् ज्या चिंध्या फेकाया सांगितल्यास, त्या एकदा डोळ्यांनी बघून जा.”

हा लेख म्हणजे त्या रविवारचा आणि त्यानंतरच्या एका वर्षाचा हिशेब आहे.

एका खोलीतला कारखाना

मावशी मूळच्या सोलापूरकडच्या. १९७२ च्या दुष्काळात लहान वयात दुष्काळी कामावर खडी फोडली आणि पुढे लग्न होऊन मुंबईला आल्या. यजमान गोदीत कामाला होते, ते आता नाहीत. घरात मुलगा, सून, बारावीत शिकणारी नात आणि दोन वर्षांचा नातू. खोली एक. त्या खोलीच्या दाराजवळच्या कोपऱ्यात जुनी पायमशीन, तिच्यावर कपड्यांचा ढीग, खाली एक पत्र्याची पेटी आणि भिंतीला टेकवलेले गाठोडे. हाच मावशींचा कारखाना.

चहा होईपर्यंत त्यांनी एकेक वस्तू माझ्यापुढे मांडली. बाळाची मऊ दुपटी. कुंच्या. उशांचे अभ्रे. भाजीच्या पिशव्या. जुन्या पँटच्या जाड कापडाची पायपुसणी. जेवायला बसायची बसकरे. मग त्यांनी लांब पांढऱ्या पट्ट्या उलगडल्या आणि मी ओळखल्या. विहारात वंदनेला आम्ही ज्यांच्यावर बसतो, त्या आसनपट्ट्या. गेली कित्येक वर्षे मी त्यांच्यावर बसून भाषणे ऐकली आणि ठोकली, पण त्या कोणी शिवल्या हे कधी विचारले नव्हते.

शेवटी पेटीतून एक गोधडी निघाली. वर फिकट हिरवे लुगडे, कडेला लाल काठ, आणि काठापासून मध्यापर्यंत चौकटीत चौकट घालत गेलेला पांढरा धावदोरा. हात फिरवला तर नांगरलेल्या शेतासारखी उठावदार. “ही माझ्या आईच्या लुगड्याची,” मावशी म्हणाल्या. “ह्या चिंध्या व्हय?”

मी गप्प बसलो. मग त्या जे बोलल्या ते मी त्याच रात्री वहीत उतरवून ठेवले. “भाऊ, मढ्यावरचं कापड घेतलं ते आमच्या आज्या-पणज्यानं. त्यांना घ्यावं लागत हुतं. माझ्या गोधडीत दुसऱ्याच्या अंगावरचं एक सूतबी न्हाय. माझ्या आईचं, माझ्या सासूचं, माझ्या लेकीचं कापड हाय. अन् गिऱ्हाईक येतं, ते त्याच्या आईचं कापड घिऊन येतं. फेकायचं काय त्यात?”

लादलेली चिंधी आणि राखलेले कापड

माझी चूक कुठे झाली हे समजायला मला थोडे मागे जावे लागले.

मनुस्मृतीने चांडाळांसाठी मृतांची वस्त्रे नेमून दिली होती. महारकीतही मढ्यावरचे कापड हे बलुत्याच्या ‘हक्का’त मोडत असे. हक्क म्हणायचा आणि अपमान पदरात टाकायचा, अशी ती व्यवस्था. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी महाडला मनुस्मृतीचे दहन केले. त्याच परिषदेत जमलेल्या आपल्या माता-भगिनींना त्यांनी नीट, पायघोळ लुगडे नेसायला, अस्पृश्यतेची खूण सांगणारे जाडजूड दागिने टाकून द्यायला आणि स्वच्छ राहायला सांगितले. बायकांनी लगोलग तसे केले. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, महारवतनाच्या जोखडातून समाज सुटावा म्हणून त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले. म्हणजे अंगावरचे कापड हा बाबासाहेबांच्या लेखी स्वाभिमानाचा विषय होता. इथपर्यंत माझे भाषण बरोबर होते.

पण बुद्धाच्या भिक्खूंनीही चिंध्याच पांघरल्या होत्या. उकिरड्यावर, स्मशानात टाकलेले कापड वेचून, धुऊन, शिवून केलेल्या चीवराला ‘पांसुकूल’ म्हणतात. महाकश्यप असे चीवर वापरीत आणि खुद्द भगवंतांनी आपले जुने पांसुकूल चीवर त्यांना देऊन त्यांची संघाटी स्वतः घेतली, ही कथा आपण ऐकलेली आहे. स्मशानातले कापड इथेही आणि तिथेही. मग फरक कुठे? एका ठिकाणी ते माणसावर लादले होते आणि त्याची जात दाखवण्यासाठी होते. दुसऱ्या ठिकाणी राजपुत्र असो की न्हावी, संघात आलेल्या प्रत्येकाने ते आपखुशीने घेतले आणि त्यामुळे सगळे एका पंक्तीत बसले. लाज कापडात नसते. ते कोण कोणावर लादतो यात असते.

हे मला नळावरच्या त्या एका वाक्याने शिकवले. पुढच्या महिन्याच्या बैठकीत मी माझे शब्द मागे घेतले. त्या वेळी टाळ्या कमी पडल्या, हेही नमूद करतो.

अशी बनते गोधडी

आपल्या तरुण सुना-मुलींना गोधडी माहीत आहे, पण करायची कशी ते अनेकींना ठाऊक नाही. म्हणून मावशींची पद्धत त्यांच्याच क्रमाने देतो.

१. कापड सुती हवे आणि वापरून मऊ झालेले हवे. नायलॉन किंवा टेरिकॉट घातले तर घाम शोषला जात नाही आणि आतला थर सरकतो. जुनेर आधी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. रंग जाणारे कापड वेगळे भिजवून पाहावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात सारी गोधडी डागाळते.

२. आजची पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर भरते. तिचे तीन सारखे तुकडे केले की प्रत्येक तुकडा सहा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद होतो. म्हणजे एका साडीत एका माणसाची तीन थरांची हलकी गोधडी होते. थंडीसाठी मध्ये आणखी दोन थर घालावेत. विरलेले, फाटके कापड मध्ये आणि धड कापड वर-खाली.

३. जमीन पुसून त्यावर अस्तर पसरावे. चारी कोपऱ्यांवर वजन ठेवावे. एकेक थर हाताने मध्यापासून कडेकडे सपाट करीत घालावा. सुरकुती राहिली तर ती कायमची राहते.

४. लांब लांब टाक्यांनी कच्चा दोरा घालावा, तोही मध्यापासून बाहेर. मग कडा आत दुमडून शिवाव्यात. इथे मावशी मशीनची टीप मारतात, कारण गोधडी आधी कडेलाच फाटते.

५. त्यानंतर धावदोरा. काठापासून सुरुवात करून चौकोनात फिरत फिरत मध्याला यायचे. दोन ओळींत अर्धा इंच अंतर. दोरा सुती आणि हाताच्या लांबीइतकाच घ्यावा. लांब घेतला तर गुंता होतो आणि वेळ जातो.

“कोपऱ्यावर घाई करायची न्हाय,” असे मावशींचे सांगणे. “कोपरा बिघडला की पुढं समदी गोधडी तिरकी पळती.”

आणखी एक नियम त्यांच्या घरात आहे. जयंतीनंतर उरलेली निळी कापडे, फलकांचे तुकडे लोक त्यांना आणून देतात. ज्यावर बाबासाहेबांची किंवा भगवंतांची प्रतिमा आहे, किंवा पंचशील ध्वजाचे कापड आहे, ते पायाखाली जाईल अशा कशातही त्या वापरीत नाहीत. ते धुऊन, घडी घालून विहारात परत देतात. कोऱ्या निळ्या कापडाच्या मात्र मुलांच्या दप्तरपिशव्या होतात.

कोपऱ्यावरून भांडण

गोधडी सुंदर असली तरी त्या घरात तिच्यावरून रोज कुरबुर होती, हे मला दुसऱ्या भेटीत कळले. सूनबाई म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही फेकून द्या म्हणालात तेव्हा मला आतून बरंच वाटलं होतं.” त्यांचेही काही चुकत नव्हते. आमटीत दोरा सापडे. एकदा जमिनीवर पडलेली सुई रांगत्या बाळाच्या तळहातात गेली. नात अभ्यासाला बसली की मशीनची खडखड. आणि खोलीत दिवा एकच, तोही मधल्या भिंतीवर. मावशी कोपऱ्यात बसल्या की त्यांची स्वतःचीच सावली कामावर पडे. त्यांचे डोळे चुरचुरत, पाठ धरे. नातीला वाटे आजी सरकावी, आजीला वाटे नात सरकावी.

आपल्या घरांतली निम्मी भांडणे माणसांची नसतात, जागेची असतात. पण आपण ती माणसांवर काढतो. त्या रविवारी आम्ही सगळे, मावशी, सूनबाई, मुलगा आणि नात, जमिनीवर कागद पसरून बसलो आणि कोपऱ्याचा नकाशा काढला. महिनाभरात पुढील सुधारणा झाल्या.

मशीन दाराजवळून खिडकीखाली आली. आता दिवसाचा उजेड डाव्या हाताकडून कामावर पडतो आणि सावली मागे जाते. वर एक एलईडी ट्यूब लावली, ती मशीन आणि अभ्यासाची जागा यांच्या बरोबर मध्ये, म्हणजे एका दिव्यात दोघींचे काम.

भिंतीला बिजागऱ्यांवर एक घडीची फळी बसवली. दिवसा ती मावशींची कापड बेतायची फळी, संध्याकाळी नातीचे टेबल आणि रात्री भिंतीला मिटून झोपायला जागा मोकळी.

पत्र्याची पेटी विटांवर चढवली. यामागे एक जुने दुःख आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी या खोलीतही कमरेएवढे पाणी होते. मावशींच्या गाठोड्यातली सासूबाईंची दोन लुगडी कुजून गेली. तेव्हापासून पेटी कधी खाटेवर तर कधी कपाटावर फिरत होती. आता तिला कायमची जागा मिळाली. पेटीत कडुलिंबाचा वाळलेला पाला असतो आणि पावसाळा संपला की सगळे कापड एकदा उन्हात पडते.

जुन्या पँटचे खिसे कापून एका जाड कापडावर ओळीने शिवले आणि ते भिंतीवर टांगले. कात्री, टेप, खडू, बॉबिन, दोऱ्यांची रिळे, प्रत्येकाला एक खिसा. ढीग गेला. मशीनला नवा पट्टा बसला, तेल पडले, खडखड निम्मी झाली.

आणि सुयांचा नियम. पाच सुया, त्याही झाकणाच्या डबीत. सकाळी मोजून काढायच्या, रात्री मोजून ठेवायच्या. एक कमी भरली तर जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक जमिनीवर फिरवायचे आणि ती सापडल्याशिवाय बाळाला खाली सोडायचे नाही. हा नियम सूनबाईंनी केला आणि मावशींनी मुकाट्याने मान्य केला.

संध्याकाळी सात ते दहा मशीन बंद, हे नातीने कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिले. त्या वेळात मावशी भिंतीला पाठ टेकून, पाठीशी उशी घेऊन हाताचा धावदोरा घालतात. तासाला एकदा उठून दोन फेऱ्या मारतात.

खर्च किती आला? फळी आणि बिजागऱ्या ६५० रुपये, ट्यूब २५०, विटा-खिळे-हुक ८०, मशीनचा पट्टा आणि तेल १२०. एकूण ११०० रुपये. सुताराची मजुरी वाचली, कारण फळी मुलाने स्वतः बसवली. इतक्या वर्षांत त्याने आईच्या कामाला लावलेला हा पहिला हात, असे तो स्वतःच म्हणाला.

विनयपिटकातली शिवणशाळा

पुढे वर्षावास सुरू झाला. विहारात ग्रंथवाचन होते. त्या निमित्ताने मी विनयपिटकातला चुल्लवग्ग वाचायला घेतला आणि एका ठिकाणी थबकलो. तिथे भिक्खूंच्या शिवणकामाचे सविस्तर वर्णन आहे.

भिक्खू चीवर शिवताना सुया हरवत आणि गंजत, म्हणून भगवंतांनी सुयांसाठी नळी वापरायला परवानगी दिली. तरी गंज थांबेना, म्हणून तिच्यात पीठ, दगडाची पूड असे एकेक घालून पाहिले. सुई ढकलताना बोटे दुखत, म्हणून बोटाला टोपण घालायची परवानगी दिली. टाके वाकडे पडत, म्हणून आधी खुणेचा दोरा घालायला सांगितले. कापड ताणून बसवायला चौकट दिली. त्या चौकटीचे नाव ‘कठिन’, आणि वर्षावासानंतर आपण ज्याला कठिन चीवरदान म्हणतो तो शब्द याच चौकटीशी जोडलेला आहे. उघड्यावर शिवताना ऊन आणि थंडी बाधे, म्हणून शिवणकामासाठी वेगळी शाळा बांधायला सांगितले. ती शाळा सखल जागी होती, तिच्यात पाणी शिरले, म्हणून जोते उंच करायला सांगितले.

मी पोथी घेऊन तसाच मावशींकडे गेलो आणि वाचून दाखवले. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हंजी भगवंताच्या लोकांच्याबी घरात पानी शिरायचं?” आणि विटांवरच्या पेटीकडे बघून हसल्या.

त्याच विनयात महावग्गात आणखी एक प्रसंग आहे. मगधातली भाताची खाचरे, त्यांचे बांध आणि चौक पाहून भगवंतांनी आनंदाला विचारले, असे चीवर करता येईल का? आनंदाने तुकडे जोडून तसे चीवर बेतले. आजही भन्तेजींच्या चीवरावर ते शेताचे चौक दिसतात. मावशींच्या गोधडीवर हात फिरवताना मला नांगरलेले शेत आठवले होते, ते उगीच नव्हते.

आणि काटकसर? कोसंबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दिली. राजाने विचारले, इतक्यांचे करणार काय? आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गादीच्या खोळी. मग जमिनीवरची अंथरुणे, मग पायपुसणी, मग झटकायची फडकी. आणि ती फडकीही फाटली की कुटून मातीत कालवू आणि जमीन सारवू. राजाने आणखी पाचशे वस्त्रे दिली. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा जबाब आणि आपल्या आयाबायांचा संसार यांत मला काहीच फरक दिसत नाही. ज्याला आपण गरिबी म्हणून लपवतो, त्याला आनंदाने राजासमोर ताठ मानेने सांगितले.

कारकुनी हिशेब

आता मुद्द्याचे. मावशी गोधडी शिवून किती घेत होत्या? कापड गिऱ्हाइकाचे, दोरा मावशींचा, शिलाई ४५० रुपये. “बरं पडतं,” असे त्या म्हणत. मी वाणिज्य शाखेचा माणूस. बरं पडतं म्हणजे किती, हे कागदावर मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही.

गोधडी ७२ इंच लांब, ४२ इंच रुंद. ओळींत अंतर अर्धा इंच. म्हणजे एकूण शिवण ६,०४८ इंच, फुटांत ५०४ फूट. एका इंचात चार टाके, म्हणजे २४,१९२ टाके. मिनिटाला पंधरा टाके धरले तरी सत्तावीस तास होतात. कापड धुणे, बेतणे, कच्चा दोरा आणि कडा यांचे सहा तास धरा. झाले तेहतीस तास. दोऱ्याचे ६० रुपये आणि सुई, तेल, वीज यांचे २० रुपये वजा केले तर हातात उरतात ३७० रुपये. भागाकार केला. तासाला सव्वाअकरा रुपयेसुद्धा पुरते पडत नव्हते.

चोवीस हजार टाक्यांचा आकडा ऐकून मावशींना गंमत वाटली. सव्वाअकरा रुपये ऐकून मात्र त्या गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, “म्हंजी इतकी वर्सं मी फुकटच शिवली म्हन की.”

बायकांच्या हातच्या कामाला ‘रिकाम्या वेळचं काम’ म्हणायची आपल्याकडे रीत आहे. वेळ रिकामा म्हटला की त्याचे दामही रिकामे. गिऱ्हाईक तसे म्हणते, घरचे तसे म्हणतात आणि शेवटी ती बाईही तसेच म्हणू लागते. बाहेर मालकाने असे राबवले तर आपण मोर्चा काढू.

मी १४०० रुपये सुचवले, म्हणजे तासाला चाळीस. मावशींना ते फार वाटले. बऱ्याच वादानंतर ११०० ठरले. म्हणजे तासाला जवळजवळ एकतीस रुपये. पण त्यांनी एक अट घातली. वस्तीतल्या बाळंतिणीचे दुपटे आणि विहाराच्या आसनपट्ट्या यांना हा भाव लागू नाही. दुपट्याला फक्त दोऱ्याचे पैसे आणि विहाराचे काम दान. दोन्ही भाव नातीने पुठ्ठ्यावर लिहून मशीनच्या वर लावले, म्हणजे कोणाला मागून बोलायला जागा नको.

अश्विन पौर्णिमेपासून नवा भाव सुरू झाला. दोन जुनी गिऱ्हाइके तुटली. एकीने तोंडावर सांगितले, एवढ्यात मशीनची गोधडी दोन येतील. मावशींना ते लागले, दोन दिवस त्या माझ्याशीही नीट बोलल्या नाहीत. गेल्या चार महिन्यांत दोनच गोधड्या झाल्या. पूर्वी एवढ्या काळात चार होत. पण हिशेब बघा. पूर्वी चार गोधड्यांचे १३२ तास आणि हातात १४८० रुपये. आता दोन गोधड्यांचे ६६ तास आणि हातात २०४० रुपये. काम निम्मे, पैसे जास्त आणि डोळ्यांना विसावा. उरलेल्या वेळात पिशव्या आणि पायपुसणी होतात, ती वेगळी.

आणि हे पैसे आता पिठाच्या डब्यात जात नाहीत. मावशी चौथीपर्यंत शिकलेल्या. पोस्टात जाऊन त्यांनी स्वतःच्या नावाचे बचत खाते उघडले आणि अर्जावर सही केली. बाईच्या नावावर काहीतरी असले पाहिजे, यासाठी बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल आणले आणि ते अडवले गेले म्हणून १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या लढ्यापुढे पोस्टाचे एक पासबुक ही फार लहान गोष्ट आहे. पण ते पासबुक मावशी पेटीत आईच्या लुगड्याखाली ठेवतात.

दूर देशीच्या आपल्यासारख्या

आपल्या दलित पँथरने १९७२ मध्ये ज्यांच्यावरून नाव घेतले, त्या अमेरिकेतल्या काळ्या बांधवांमध्येही गोधडी आहे. अॅलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. मळ्यावर गुलाम म्हणून राबलेल्यांचे वंशज तिथे राहतात. तिथल्या बायका शेतात घालून विटलेल्या पँटी, शर्ट, पिठाची पोती यांच्या गोधड्या करीत. मतदार म्हणून नाव नोंदवायला हे लोक निघू लागले, तेव्हा १९६२ मध्ये नदीवरची त्यांची नाव बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले. १९६६ मध्ये त्या भागातल्या काळ्या बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची शिवणकामाची सहकारी संस्था काढली. मळेवाल्याच्या मजुरीवर अवलंबून न राहता त्यांच्या हातात स्वतःचा पैसा येऊ लागला. २००२ मध्ये जीज बेंडच्या गोधड्या न्यूयॉर्कच्या मोठ्या कलासंग्रहालयात लागल्या आणि २००६ मध्ये अमेरिकन टपालखात्याने त्यांची तिकिटे काढली.

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये काळ्यांचे विद्वान नेते डू बॉइस यांना पत्र लिहिले होते. दोन्ही समाजांच्या दुःखातले साम्य त्यांनी तेव्हाच ओळखले होते. कष्टाच्या कापडातून ऊब करण्याची कलाही दोन्हीकडे सारखीच आहे. तिकडच्या बायकांनी ती एकत्र येऊन बाजारात आणली, एवढाच फरक.

आपण काय करावे

बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले होते की समाजाची प्रगती ते स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. ती मोजणी आपल्या खोलीच्या कोपऱ्यातूनच सुरू करावी, असे मला वाटते. ज्या घरात आई, आजी, आत्या शिवते, तिथे पुरुषांनी एक रविवार द्यावा. दिवा योग्य जागी लावा. फळी ठोका. पेटी उंच करा. तिच्या कामाचे तास मोजा आणि कागदावर मांडा. पैसे तिच्या नावावर जातात की नाही ते पाहा. महिला मंडळांनी चार-पाच शिवणाऱ्या बायकांचा एक भाव ठरवावा, म्हणजे एकीला सोडून दुसरीकडे स्वस्तात नेण्याची सोय गिऱ्हाइकाला राहणार नाही.

ज्यांना ब्लँकेट घ्यायचे त्यांनी ते खुशाल घ्यावे. पण घरातली गोधडी लाजेने फेकू नका. आधी ती उलगडून बघा, कोणाचे लुगडे कोणत्या थरात आहे ते म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि मुलांना सांगा.

मावशींची नात याच महिन्यात बारावीच्या परीक्षेला बसते आहे. कॅलेंडरवरच्या लाल रेघेप्रमाणे रोज सातला मशीन थांबते. परवा गेलो तर फळीवर तिची पुस्तके होती, खाली मावशी एका दुपट्याला धावदोरा घालत होत्या आणि वरचा दिवा दोघींवर पडला होता. मला पाहून मावशी म्हणाल्या, “बस भाऊ. पर बोलू नगंस. पोरगी वाचतीया.”

मी आसनपट्टीवर बसलो. या वेळी ती कोणी शिवली हे मला माहीत होते.

जयभीम.